क्लिव्हडन : एका जागेवरची तीन घरे

इंग्लंडचा इतिहास जितका लंडनच्या राजवाड्यांत आणि पार्लमेंटच्या दालनांत घडला, तितकाच तो खेड्यापाड्यांतील मोठ्या वाड्यांत घडला. सरदार-जमीनदारांची खरी सत्ता त्यांच्या जमिनीत होती, आणि त्या जमिनीच्या मधोमध उभा असलेला वाडा हे त्या सत्तेचे दृश्य रूप होते. कुळांचा खंड येथे जमा होई, निवडणुकीतील उमेदवार येथे ठरत, विवाहसंबंध येथे जुळत आणि मंत्रिमंडळे कधीकधी येथेच मोडत. विसाव्या शतकात ही व्यवस्था कोसळली. इंग्लंडमधील असे हजाराहून अधिक वाडे त्या एका शतकात जमीनदोस्त झाले. जे वाचले, त्यांपैकी कित्येकांच्या शाळा झाल्या, इस्पितळे झाली आणि काहींची हॉटेले झाली. ज्या घरात शिरण्यास पूर्वी कुल, पदवी अथवा ओळख लागे, तेथे आता खोलीचे भाडे भरणारा कोणीही उतरू शकतो. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात वास्तूने काय राखले व काय गमावले, हे पाहावयाचे असेल, तर टेम्स नदीकाठच्या क्लिव्हडन या वाड्यासारखे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही.

लंडनच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस मैलांवर, बकिंगहॅमशर परगण्यात, टॅप्लो गावाजवळ टेम्स नदी एक वळण घेते. तेथे तिच्या पूर्वतीरावर खडूच्या दगडाचा एक उंच कडा आहे. नदीच्या पात्रापासून सुमारे एकशे तीस फूट उंचीवर या कड्याचा माथा आहे. ‘क्लिव्हडन’ या नावातही कडा आणि दरी हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत. माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले, की झाडांच्या शेंड्यांवरून नदी दिसते आणि हवा स्वच्छ असेल, तर वाड्याच्या छपरावरून विंडसरचा राजकिल्लाही दृष्टीस पडतो. गेल्या साडेतीनशे वर्षांत या जागेवर एकापाठोपाठ एक अशी तीन घरे उभी राहिली. पहिली दोन आगीत गेली. आज उभे आहे ते तिसरे. परंतु ज्या चौथऱ्यावर ते उभे आहे, तो चौथरा पहिल्या घराचाच आहे.

हे पहिले घर बांधले बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक जॉर्ज व्हिलिअर्स याने. दुसऱ्या चार्ल्स राजाचा हा बालमित्र बुद्धिमान, विनोदी, उधळ्या आणि अत्यंत बेभरवशाचा असा गृहस्थ होता. 1666 च्या सुमारास ही जागा त्याच्या हाती आली. 1668 साली त्याने श्रूझबरीच्या अर्लशी तलवारीचे द्वंद्व केले. द्वंद्वाचे कारण अर्लची पत्नी हेच होते. अर्ल त्या जखमेने दोन महिन्यांत मरण पावला. या प्रकरणाचा बभ्रा साऱ्या लंडनभर झाला. क्लिव्हडनच्या बागेत अद्यापही त्या द्वंद्वाच्या सालाची खूण फुलझाडांच्या वाफ्यात राखलेली आहे. अशा माणसाने शहराच्या गजबजाटापासून दूर, परंतु राजाच्या विंडसरपासून जवळ, शिकारीसाठी आणि मेजवान्यांसाठी घर बांधावे, हे त्याच्या स्वभावास धरूनच होते.

त्याचा वास्तुशिल्पी विल्यम विंड हा पूर्वाश्रमीचा सैनिक होता, आणि त्याच्या रचनेत किल्ला बांधणाऱ्याची नजर दिसते. त्याने प्रथम टेकडीचा माथा सपाट केला आणि दक्षिणेच्या अंगास विटांचा एक प्रचंड चौथरा रचला. सुमारे चारशे फूट लांब आणि वीस फूट उंच अशा या चौथऱ्याच्या दर्शनी भिंतीत कमानींची ओळ आहे. उत्तरेकडून, म्हणजे प्रवेशद्वाराकडून येणाऱ्यास हा चौथरा मुळीच दिसत नाही. घर साध्या सपाट जमिनीवर उभे आहे असाच भास होतो. दक्षिणेकडे बागेत उतरून मागे वळून पाहिले, म्हणजे मात्र सारे घर एखाद्या रंगमंचावर उचलून धरल्यासारखे दिसते. रोजनिशीकार जॉन ईव्हलिन 1679 साली येथे येऊन गेला. या चौथऱ्याची आणि त्यावरून दिसणाऱ्या देखाव्याची त्याने तोंडभरून वाखाणणी केली आहे. तरीही राजाने मत विचारताच त्याने विंडसरला झुकते माप दिले, ही दरबारी चतुराईही त्याच्या रोजनिशीत नमूद आहे.

1696 साली ही मालमत्ता ऑर्क्नीचा अर्ल जॉर्ज हॅमिल्टन याने विकत घेतली. 1704 च्या ब्लेनहाइमच्या लढाईत गाजलेला हा सेनापती होता. विंडचे चार मजली घर त्याच्या काळच्या रुचीस फार उंच वाटले. म्हणून टॉमस आर्चर या वास्तुशिल्पीकडून त्याने वरचा मजला उतरविला आणि घराच्या दोन्ही अंगांस स्वतंत्र इमारती बांधून त्या मार्गिकांनी मुख्य घराशी जोडल्या. उभे घर आडवे झाले. पुढे व्हेनिसहून आलेल्या जाकोमो लिओनी याने बागेत दोन छोट्या वास्तू उभारल्या: एक ब्लेनहाइमच्या विजयाचे स्मरण देणारा मंडप आणि दुसरे, 1735 सालचे, कड्याच्या टोकावरील अष्टकोनी मंदिर. ती दोन्ही आजही आहेत. मुख्य घरापेक्षा बागेतील या लहान वास्तूच अधिक दीर्घायुषी ठरल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऑर्क्नीच्या मृत्यूनंतर 1737 साली युवराज फ्रेडरिकने हे घर भाड्याने घेतले. पित्याशी, म्हणजे दुसऱ्या जॉर्जशी, त्याचे हाडवैर होते; त्यामुळे क्लिव्हडन हा जणू विरोधी पक्षाचा दरबारच बनला. 1 ऑगस्ट 1740 रोजी येथील बागेत ‘आल्फ्रेड’ नावाचे एक संगीत नाट्य सादर झाले. त्याचे संगीत टॉमस आर्नचे होते, आणि त्याच्या अखेरीस प्रथमच गायिले गेलेले पद म्हणजे ‘रूल ब्रिटानिया’. समुद्रावरील प्रभुत्वाचे जे गीत पुढे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत, आपल्या देशातील छावण्यांतूनही वाजले, त्याचा जन्म एका घरगुती समारंभात, बापावर रुसलेल्या एका राजपुत्राच्या भाड्याच्या बागेत झाला. फ्रेडरिकला राज्य कधीच मिळाले नाही. 1751 साली तो वारला.

1795 च्या मे महिन्यात पहिले घर जळाले. दासीच्या हातून मेणबत्ती कलंडली, असे कारण सांगतात. मुख्य इमारत पूर्णपणे नष्ट झाली. बाजूच्या इमारती आणि चौथरा तेवढा राहिला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे ही जागा भग्नावस्थेत होती. 1824 साली सर जॉर्ज वॉरेंडरने ती घेतली आणि विल्यम बर्न या स्कॉटिश वास्तुशिल्पीकडून दुसरे घर बांधून घेतले. 1849 साली सदरलँडच्या दुसऱ्या ड्यूकने ते खरेदी केले आणि काही महिन्यांतच, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, तेही आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. विंडसरहून व्हिक्टोरिया राणीने धुराचे लोट पाहून आग विझविण्याची यंत्रे धाडली, असे सांगतात. परंतु घर वाचले नाही. चौथऱ्याने मात्र दुसरी आगही पचविली.

ड्यूकने नव्या घराचे काम सर चार्ल्स बॅरी याच्याकडे सोपविले. बॅरीचा जन्म 1795 सालचा. पहिले क्लिव्हडन जळाले त्याच महिन्यातला. टेम्सच्याच काठी, लंडनमध्ये, पार्लमेंटची नवी इमारत त्याच्या देखरेखीखाली याच काळात उभी राहत होती. ती टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीची. परंतु बॅरीचे मन खरे रमे ते इटलीत. तारुण्यात त्याने रोम आणि फ्लॉरेन्स येथील प्रासाद पाहिले होते, त्यांची मापे काढली होती, आणि लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील ‘ट्रॅव्हलर्स’ व ‘रिफॉर्म’ या क्लबांच्या इमारतींत त्या अभ्यासाचे फळ दाखविले होते. क्लिव्हडनला त्याने सोळाव्या शतकातील रोमन प्रासादाची धाटणी आणि इंग्लंडमध्ये रुजलेली पल्लाडियोची शिस्त यांचा मेळ घातला.

हे घर समजावयास सोपे आहे, आणि त्याचे सामर्थ्य या सोपेपणातच आहे. तीन मजली, लांबट, चौकोनी असा एक ठोकळा. दर्शनी बाजूस समान अंतरावर खिडक्या. त्यांच्यामध्ये भिंतीतून किंचित पुढे आलेले सपाट स्तंभ. आणि माथ्यावर कठडा, ज्याच्या आड छप्पर लपून जाते. शिखरे नाहीत, मनोरे नाहीत, उगाच पुढे आलेले कोपरे नाहीत. पंचवीस मैलांवरच्या लंडनात प्रत्येक इंच कोरून काढणाऱ्या बॅरीने येथे हात आवरता घेतला, याचे कारण त्याच्या पायाखाली विंडचा चौथरा होता. चारशे फूट लांबीच्या त्या सरळ आडव्या रेषेवर केवळ दुसरी सरळ आडवी रेषाच शोभली असती. सुमारे दीडशे वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन वास्तुशिल्पींनी एकमेकांशी असे सहकार्य केले.

या वाड्याची दुसरी गंमत त्याच्या साहित्यात आहे. दुरून पाहणाऱ्यास तो दगडी वाटतो. प्रत्यक्षात तो विटांचा आहे आणि त्यावर ‘रोमन सिमेंट’चा गिलावा आहे. नाव रोमन असले, तरी हा पदार्थ अस्सल इंग्रजी होय. चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीच्या गोट्या भट्टीत भाजून, दळून तो तयार होई. 1796 साली जेम्स पार्करने त्याचे पेटंट घेतले होते. तो झटपट घट्ट होई आणि पाण्याला दाद देत नसे. आपल्याकडील चुनेगच्चीप्रमाणेच त्यावर हवा तसा आकार उठविता येई. स्तंभांचे शिरोभाग, कठड्याचे खांब आणि कमानींच्या मध्यशिला भाजलेल्या मातीच्या आहेत. खाणीतला दगड वाहून आणून घडविण्यापेक्षा हे सारे स्वस्त आणि जलद झाले. एकोणिसाव्या शतकातील कारखानदारीने रोमच्या राजेशाहीचा वेश धारण केला तो असा. छपराखालील पट्टीवर चारही बाजूंनी फिरणारा लॅटिन लेख या वास्तूचा पूर्वेतिहास सांगतो. त्याची रचना विल्यम ग्लॅडस्टन याने केली आहे. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेला हा पुरुष सदरलँडच्या डचेसचा जिव्हाळ्याचा मित्र होता.

या वैभवामागे पैसा कोठून आला, हेही विसरता येत नाही. सदरलँड घराण्याची अफाट जमीन उत्तर स्कॉटलंडमध्ये होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेंढ्यांच्या कुरणांसाठी तेथील हजारो कुळांना त्यांच्या घरांतून हुसकावून लावण्यात आले होते. क्लिव्हडन बांधणाऱ्या ड्यूकच्या आईवडिलांच्या कारकिर्दीतील ही घटना. 1853 साली डचेस हॅरिएटने अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लेख लिहून या बेदखल कुळांची तिला आठवण करून दिली. टेम्सकाठच्या गिलाव्याखालच्या विटा मोजताना उत्तरेकडील ती ओसाड खोरीही हिशेबात धरली पाहिजेत.

घर चालविणे हाही एक उद्योग होता, आणि त्याचे सर्वांत देखणे साक्षीदार म्हणजे 1861 साली हेन्री क्लटन याने बांधलेला घड्याळाचा मनोरा. सुमारे शंभर फूट उंचीचा हा मनोरा प्रांगणाच्या बाजूस उभा आहे. त्याच्या घड्याळाच्या सोनेरी तबकड्या, अर्धवट उघडा जिना आणि शेंड्यावरील पंख असलेली मूर्ती पाहून कोणालाही तो केवळ शोभेचा वाटेल; वस्तुतः तो पाण्याचा मनोरा आहे. उंच टेकडीवरच्या घराला पाणी पुरवायचे, तर टाकी त्याहून उंच असावयास हवी. स्वयंपाकघरे, धुणीघरे आणि नोकरांचे राबते मार्ग पाहुण्यांच्या नजरेआड ठेवण्याची जी कला या वाड्यांनी साधली होती, तिचा हा मनोरा म्हणजे कळसच होय. कष्टाच्या वस्तूला येथे अलंकाराचे रूप देण्यात आले आहे.

1893 साली क्लिव्हडन विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या अमेरिकन कोट्यधीशाच्या हाती गेले. या व्यवहारात काळाची मोठी विसंगती दडलेली होती. 1870 नंतर अमेरिकेच्या विस्तीर्ण मैदानांतील स्वस्त धान्य इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले, शेतमालाचे भाव गडगडले आणि इंग्रज जमीनदारांचा खंड आटला. आता न्यूयॉर्कच्या जमिनींवर गबर झालेला अमेरिकन पैसाच त्यांचे वाडे विकत घेऊ लागला. ॲस्टर केवळ धनिक नव्हता. त्याला जुन्या युरोपचा अनिवार ध्यास होता. रोमच्या बोर्गेझे उद्यानातील सतराव्या शतकातला कोरीव दगडी कठडा त्याने 1896 साली विकत घेतला आणि विंडच्या चौथऱ्याच्या पायथ्याशी बसविला. पॅरिसजवळच्या आस्नियेर येथील प्रासादातून अठराव्या शतकातील नक्षीदार लाकडी तावदाने आणून त्याने भोजनगृहाच्या भिंती मढविल्या. पांढऱ्या-हिरव्या-सोनेरी रंगांची ती खोली अशी चपखल बसली, की तिचा जन्म परदेशी झाला हे सांगूनही खरे वाटत नाही.

आतील मोठे फेरफार मात्र जॉन लॉफ्बरो पिअर्सन याने केले. ट्रूरोच्या नव्या कॅथीड्रलचा हा वास्तुशिल्पी गंभीर प्रकृतीचा चर्चबांधकाम-तज्ज्ञ होता. त्याने तळमजल्यावरील खोल्या एकत्र करून एक भव्य दालन केले, त्याच्या भिंतींना ओक लाकडाचे आच्छादन दिले आणि फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातून आणलेली सोळाव्या शतकातील दगडी शेकोटी तेथे बसविली. जिन्याच्या खांबांवर या जागेच्या पूर्वीच्या मालकांच्या लाकडी मूर्ती कोरलेल्या आहेत. बॅरीने सजविलेल्या अंतर्भागापैकी जिन्यावरील छत तेवढे शिल्लक राहिले. त्यावर सदरलँडच्या मुलांना चार ऋतूंच्या रूपाने रंगविले आहे. अशा रीतीने बाहेरचे घर एकाचे आणि आतले दुसऱ्याचे, अशी या वाड्याची घडण झाली.

1906 साली ॲस्टरने हे घर आपला मुलगा वॉल्डॉर्फ यास त्याच्या विवाहानिमित्त भेट दिले. त्याची पत्नी नॅन्सी ही अमेरिकेतील व्हर्जिनियाची. तिला सासऱ्याची ही जड, काळोखी भव्यता मानवली नाही. तिने दालनातील रंगीत फरशी काढून साधे दगड बसविले, जागोजागी फुले ठेविली, हलके पडदे लावले. याच नॅन्सी ॲस्टरने 1 डिसेंबर 1919 रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात प्रवेश केला आणि तेथे प्रत्यक्ष स्थान ग्रहण करणारी ती पहिली स्त्री ठरली. पहिल्या महायुद्धात वाड्याच्या आवारात कॅनडाच्या रेडक्रॉसचे इस्पितळ होते. तेथे मरण पावलेल्या सैनिकांसाठी इटालियन धाटणीची एक खोलगट बाग दफनभूमीस देण्यात आली. ती शांत जागा आजही जपलेली आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत क्लिव्हडनच्या शनिवार-रविवारच्या मेळाव्यांना आगळे महत्त्व आले. चार्ली चॅप्लिन आणि बर्नार्ड शॉ यांच्यासारखे कलावंत तेथे येत, तसेच राज्यकर्तेही. भारताच्या राज्यघटनेच्या इतिहासाशी ज्यांची नावे निगडित आहेत, असे दोघे तेथे घरच्यासारखे वावरत. 1919 च्या सुधारणांतील द्विदल राज्यपद्धतीचा पुरस्कर्ता लायनेल कर्टिस हा एक. आणि 1932 साली भारतात मताधिकाराची चौकशी करणाऱ्या समितीचा अध्यक्ष लॉर्ड लोदियन हा दुसरा. 1937 साली पत्रकार क्लॉड कॉकबर्नने या मंडळींवर जर्मनीशी नमते घेण्याचा ठपका ठेवला आणि ‘क्लिव्हडन कंपू’ हा शब्द जगभर झाला. त्या आरोपात अतिशयोक्ती होती, असे पुढील इतिहासकारांचे मत पडले. तरी एका घराचे नाव परराष्ट्र-धोरणाला चिकटावे, यातच अशा घरांच्या सामर्थ्याची साक्ष आहे.

परंतु हे सामर्थ्य आतून पोखरत चालले होते. 1894 साली अर्थमंत्री हारकोर्टने मृत्युकर नव्या स्वरूपात बसविला. त्याचा कमाल दर प्रथम शेकडा 8 होता; 1919 साली अतिविशाल मालमत्तांवर तो शेकडा 40 झाला. महायुद्धात एका कुटुंबातील पिता आणि पुत्र पाठोपाठ मृत्यू पावले, म्हणजे तोच कर पुन्हा भरावा लागे. त्यात नोकर मिळेनासे झाले. कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील कामापुढे वाड्यावरच्या चाकरीची ओढ कोणाला राहणार? जेथे पन्नास माणसे राबत, तेथे पाच मिळणे कठीण झाले.

यावर तोड काढली ती क्लिव्हडनच्याच एका नित्याच्या पाहुण्याने. लॉर्ड लोदियनला 1930 साली सरदारकी मिळाली, आणि तिच्याबरोबर चार वाडे व मृत्युकराचे भले मोठे देणेही मिळाले. 1895 साली स्थापन झालेली ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था निसर्गरम्य जागा व ऐतिहासिक वास्तू यांचे लोकांसाठी जतन करीत असे. 1934 साली तिच्या वार्षिक सभेत लोदियनने सुचविले, की वाडे या संस्थेने ताब्यात घ्यावेत, मूळ कुटुंबाला तेथे राहू द्यावे, मात्र लोकांना ते पाहण्यास मिळावेत. 1937 च्या कायद्याने या योजनेस बळ दिले. मालकाने वाड्याबरोबर त्याच्या देखभालीसाठी निधीही द्यावयाचा, आणि संस्थेने करातून सुटका मिळवून द्यावयाची, असा हा सौदा होता. 1942 साली, युद्ध ऐन भरात असताना, वॉल्डॉर्फ ॲस्टरने क्लिव्हडन या संस्थेच्या स्वाधीन केले. कुटुंबाचे वास्तव्य कधी संपलेच, तर ब्रिटन, अमेरिका आणि वसाहती यांच्यात सलोखा वाढविण्याच्या कामी घराचा उपयोग व्हावा, अशी त्याची इच्छा होती.

वास्तव्य संपले, आणि ते काहीशा उदास रीतीने. जुलै 1961 मध्ये येथील पोहण्याच्या तलावाकाठी युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो आणि क्रिस्टीन कीलर यांची गाठ पडली. 1963 साली त्या प्रकरणाने मंत्र्याचे पद गेले आणि मॅकमिलनच्या सरकारला जबर हादरा बसला. 1966 साली तिसरा लॉर्ड ॲस्टर वारला आणि कुटुंबाने घर सोडले. 1969 पासून 1984 पर्यंत अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी येथे राहून शिकले. दात्याच्या इच्छेला धरूनच ते झाले. त्यानंतर 1985–86 च्या सुमारास वाडा हॉटेलसाठी भाडेपट्ट्याने देण्यात आला. छपरावर नवे शिशाचे पत्रे घालण्याचे आणि बाहेरील गिलाव्याच्या दुरुस्तीचे काम ट्रस्टने केले; आतील दुरुस्ती हॉटेलच्या चालकांनी पत्करली. वास्तूची मालकी ट्रस्टकडेच राहिली.

वाड्याचे हॉटेल झाले, हे ऐकून जुन्या वैभवाची अवहेलना झाली असे प्रथमदर्शनी वाटते. क्लिव्हडनचा इतिहास नीट पाहिला, तर तसे म्हणवत नाही. हे घर मुळातच पाहुण्यांसाठी बांधले गेले. बकिंगहॅमने मेजवान्यांसाठी चौथरा रचला. फ्रेडरिक तर स्वतःच भाडेकरू होता. सदरलँड आणि ॲस्टर यांची इतरत्रही घरे होती आणि येथे ते हंगामापुरते येत. भव्य दालन, उतरणारा पाहुणा घरच्यांच्या नजरेत भरेल असा जिना, वरच्या मजल्यावरील शयनगृहांच्या ओळी, नजरेआडचे नोकरमार्ग आणि पाण्याचा मनोरा ही सारी अतिथिगृहाचीच अंगे होत. म्हणून हॉटेल होताना या वास्तूला आपली मोडतोड करून घ्यावी लागली नाही. शाळा अगर कचेरी करताना भिंती पाडाव्या लागतात, दालने विभागावी लागतात. येथे फ्रेंच भोजनगृहात भोजनच होते आणि दालनातील शेकोटीपुढे लोक पूर्वीप्रमाणेच बसतात.

तरीही एक मोठा बदल झालाच, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तीनशे वर्षे या घराचा प्रत्येक मालक ते बदलत आला. ऑर्क्नीने मजला उतरविला, बॅरीने बर्नची आठवणही ठेवली नाही, पिअर्सनने बॅरीच्या खोल्या मोडल्या, नॅन्सीने सासऱ्याची फरशी उखडली. जुन्याचा आदर आणि जुन्याची मोडतोड ही दोन्ही कामे एकच हात करीत होता, आणि त्यातूनच घर जिवंत राहिले. आज ते प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. ॲस्टरने उपटावा तसा एखादा खांब हॉटेलच्या चालकाला उपटता येणार नाही, आणि येऊही नये. परंतु त्याचा अर्थ असा, की घर बांधण्याचा तीन शतके चाललेला संवाद आता थांबला आहे. आता केवळ राखावयाचे आहे, त्यात भर घालावयाची नाही. ज्या समाजव्यवस्थेने हे घर घडविले ती अन्यायावर उभी होती, आणि तिच्या अस्ताबद्दल शोक करण्याचे कारण नाही. पण ती गेल्यावर तिच्या उत्तम कृती कोणी व कशाच्या बळावर सांभाळाव्यात, हा प्रश्न उरतोच. 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने नष्ट झालेल्या वाड्यांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य सामान्य इंग्रज माणसाला उमगले.

क्लिव्हडनने दिलेले उत्तर तडजोडीचे आहे. आत खोली घेऊन राहणे श्रीमंतांनाच परवडते. त्या अर्थाने दार पूर्वीइतकेच अरुंद आहे, फक्त द्वारपालाने कुलाऐवजी पैसा विचारावयाचा, एवढाच फरक. पण दाराबाहेरची बाग, लिओनीचे मंदिर, युद्धातील सैनिकांची दफनभूमी आणि नदीकाठची वने ट्रस्टमार्फत सर्वांना माफक प्रवेशमूल्यात खुली आहेत, आणि घराचा काही भागही ठराविक वेळी पाहावयास मिळतो. हॉटेलातील पाहुण्याच्या भाड्यातून छपराचा खर्च निघतो आणि त्या छपराची शोभा बागेतला साधा माणूस पाहतो. विंडच्या चौथऱ्याखाली, आखीव ताटव्यांच्या चार एकर बागेत उभे राहून वर पाहणाऱ्यास घर सर्वांत सुंदर दिसते. वर गच्चीवर बसलेल्या पाहुण्याला नदी दिसते, दऱ्या दिसतात. फक्त ज्यासाठी तो इतके पैसे मोजून आला, ते घर तेवढे त्याला तेथून दिसत नाही.